रानाची गोष्ट सांगणार कोण?

मराठी वाचकाची जंगलाशी ओळख झाली ती बहुतांशी पुस्तकांतून. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’, वानरांच्या टोळ्यांमधली सत्तेची लढाई सांगणारे आणि १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे ‘सत्तांतर’, मारुती चितमपल्लींचे ‘पक्षी जाय दिगंतरा’ आणि ‘रानवाटा’, किरण पुरंदरे यांचे ‘सखा नागझिरा’ ही पुस्तके निसर्गाची आवड असलेल्या कुठल्याही मराठी घरात सापडतात. चितमपल्ली वनखात्यातले अधिकारी. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, म्हणजे मराठी साहित्याने जंगलाला मानाचे पान दिले. पण आपण जे लिहिले ते आदिवासींकडून, मासेमारांकडून, रानात हयात घालवलेल्या अशिक्षित माणसांकडून शिकलो, हे त्यांनी कधी लपवले नाही. जाणते रानातले, लेखणी खात्यातल्या साहेबाची, असा तो व्यवहार होता. साहेब प्रामाणिक होते म्हणून आपल्याला पुस्तके मिळाली.

पडद्यावर मात्र आपले जंगल वेगळ्या वाटेने आले. टीव्हीवरचा वाघ ताडोबाचा किंवा कान्हाचा असतो, पण सांगणारा दूरचा. निवेदन हिंदीत किंवा मराठीत आले तरी सांगण्याची ढब दूरचीच राहते. वाघिणीची पिल्ले, पाणवठ्यावरचा उन्हाळा, गवतातून सरकत आलेली शिकार, सगळेच डोळे दिपवणारे. त्यात ताडोबाच्या मोहर्ली गेटबाहेर चहाची टपरी चालवणारा नसतो. पहाटे तेंदूपत्ता तोडायला निघालेली बाई नसते, आणि वाघाने ज्याचा बैल नेला तो शेतकरीही नसतो. असलेच तर चार-दोन सेकंदांपुरते, आणि बहुधा जंगलावरचे संकट म्हणून.

प्रस्तुत पुस्तक ही उणीव भरून काढू पाहते. रानाला लागून राहणाऱ्या, खिशात बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा फोन असलेल्या आणि आपल्या शिवाराची गोष्ट चित्रपटातून सांगू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी ते आहे. तितकेच ते या मुलांना मदत करू पाहणाऱ्या संस्था, अधिकारी, शिक्षक आणि निर्माते यांच्यासाठीही आहे. मला प्रस्तावनेत मांडायचे ते थोडक्यात असे: स्थानिक माणसाला त्याच्या रानाची गोष्ट सांगायला हात देण्यात उपकार कसला? त्याच्यावाचून गोष्टच अपुरी राहते. आणि कॅमेरा दिला की मदत संपली, असेही नाही. मेहनताना, श्रेय, चित्रणावरची मालकी आणि गावात दाखवायला पडदा या चार गोष्टी मिळेपर्यंत ती मदत अर्धवटच.

हा धंदा कसा उभा राहिला ते आधी पाहू. बीबीसीने १९५७ मध्ये ब्रिस्टल शहरात आपला निसर्गविषयक विभाग सुरू केला. पुढे या क्षेत्राची परिभाषा, तंत्र आणि बाजार त्या शहराभोवती वाढले. ‘वाइल्डस्क्रीन’ हा महोत्सव तिथलाच, आणि त्याच्या ‘पांडा’ पुरस्काराला आपल्याकडे ‘ग्रीन ऑस्कर’ म्हणायची पद्धत पडली आहे. १९५९ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांचा ‘सेरेंगेटी शॅल नॉट डाय’ आला. त्याला ऑस्कर मिळाले आणि टांझानियातले सेरेंगेटी घराघरांत पोचले. मात्र त्या चित्रपटाच्या नजरेत मासाई गुराखी आणि त्यांची गुरे म्हणजे रानावरचा भार होता. त्याच वर्षी सेरेंगेटी उद्यानाच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि मासाईंना तिथून बाहेर पडावे लागले. चित्रपटामुळे ते घडले असा आरोप करण्याचे कारण नाही. पण जगाला पटली ती एकाच बाजूची गोष्ट. मासाईंच्या हाती कॅमेरा नव्हता.

आता अलीकडचा एक हिशेब. २०१६ च्या ‘प्लॅनेट अर्थ २’ या मालिकेसाठी ४० देशांत ११७ मोहिमा झाल्या आणि चित्रीकरणाचे २०८९ दिवस भरले. भागाकार केला तर एका मोहिमेच्या वाट्याला सरासरी १८ दिवस येतात. परक्या मुलखात १८ दिवसांत दुर्मीळ दृश्य हाती लागते ते तिथल्या ट्रॅकरच्या जिवावर. वानराचा कॉल वाघासाठी आहे की बिबट्यासाठी, चितळ उगीच ओरडले की खरेच काही दिसले म्हणून, वाघीण नाला कुठे ओलांडेल, वारा कुठून आहे आणि मचाण कुठे बांधायचे, हे सगळे तो सांगतो. कॅमेरामन लेन्स फिरवतो. श्रेयनामावलीत ट्रॅकरचे नाव आले तर शेवटच्या रकान्यात, बारीक अक्षरांत. त्या मालिका उत्तम असतात, याबद्दल दुमत नाही. पण गेल्या वीस वर्षांत कुठला झरा आटला, कुठल्या गावाची गुरचरण गेली, वाघ पूर्वी कोणत्या वाटेने येई आणि आता रस्ता झाल्यापासून कुठून येतो, हे १८ दिवसांत कळत नाही. ते तिथे राहणाऱ्यालाच माहीत असते.

भारतात काही जणांनी हे ओळखून मुक्कामाचे काम केले. म्हैसूरचे कृपाकर आणि सेनानी ही जोडी बंडीपूरच्या रानकुत्र्यांमागे वर्षानुवर्षे राहिली. त्यांच्या ‘द पॅक’ला पांडा पुरस्कार मिळाला. पण बंडीपूरच्या भोवतालच्या घरांत सरपणाऐवजी गॅस पोचवण्याच्या कामातही ते उतरले, हे मला पुरस्काराइतकेच मोलाचे वाटते. चेन्नईच्या शेखर दत्तात्री यांनी कुद्रेमुखच्या लोहखाणीवर २००१ मध्ये छोटा चित्रपट केला. खाणीविरुद्धच्या लढ्यात तो कामी आला, आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती खाण बंद करण्याचा आदेश दिला. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात २०२४ चा व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कार वाघांचे चित्रपट करणाऱ्या सुब्बय्या नल्लमुथू यांना मिळाला. वन्यजीवपटाला आता आपल्या चित्रपटसृष्टीत प्रतिष्ठा आली आहे. ती गावापर्यंत पोचायची बाकी आहे.

गावाने सांगितलेली गोष्ट वेगळी का होते, यासाठी जुन्नरचा ऊस पाहू. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला आणि बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. मादी उसातच विते. हंगाम सुरू झाला की कोयता चालता चालता सरीत बछडी सापडतात. तोड थांबते. मुकादम फोन लावतो, वनरक्षक येतो, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून पशुवैद्य येतात आणि बछडी तपासून घेतात. दिवस मावळताना ती जिथे सापडली तिथेच त्यांना प्लास्टिकच्या क्रेटखाली ठेवतात, जवळ कॅमेरा लावतात आणि माणसे लांब जातात. रात्री मादी येते. आधी लांबून अंदाज घेते, मग पंज्याने क्रेट उलटवते आणि एकेका पिलाला मानेला धरून अंधारात घेऊन जाते. ती काळीपांढरी चित्रफीत दुसऱ्या दिवशी राज्यभर फिरते. लोक हळहळतात, मातृत्वाची थोरवी गातात.

या चित्रफितीत काय नाही ते बघा. बछडे ज्या बाईच्या कोयत्याखाली येता येता वाचले ती बाई तिच्यात नाही. ती बीडकडून किंवा नगरकडून आलेली असते, फडाच्या कडेला कोपीत राहते. त्या रात्री तिची लेकरे त्याच उसापासून हाकेच्या अंतरावर झोपलेली असतात. कोपीला दार नसते, पहाटे बाहेर जायला उजेड नसतो. तोड बंद राहिली की टनावर मिळणारी मजुरी बंद, मुकादमाची उचल मात्र अंगावर तशीच. बाहेरून आलेला दिग्दर्शक मायलेकरांची भेट दाखवेल, आणि ती खोटी नाही. पण त्याच कोपीत वाढलेली, शाळा शिकलेली मुलगी उद्या कॅमेरा घेऊन बसली, तर तिच्या गोष्टीत दोन आया असतील. दोन आया दिसल्या की उपायही निराळे सुचतात. कोपीला पक्के दार, वस्तीवर दिवा, शौचालय, तोड थांबलेल्या दिवसाची मजुरी. ‘पिंजरा लावा आणि बिबट्या न्या’ या एकाच मागणीवर चर्चा अडून राहत नाही.

याच पट्ट्यात गावच्या चित्रणाचा आणखी एक उपयोग आहे. बिबट्याच्या जुन्या, परगावच्या, हल्ली तर यंत्राने बनवलेल्या चित्रफिती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतात आणि रात्री अर्धे गाव काठ्या घेऊन बाहेर पडते. तारीख, ठिकाण आणि चित्रण करणाऱ्याचे नाव माहीत असलेली, गावातल्याच ओळखीच्या पोराने केलेली चित्रफीत हाच अफवेवरचा खात्रीचा उतारा.

चित्रपटाने काय साधते आणि त्याची मजल कुठे संपते, हे गुजरातमध्ये स्पष्ट दिसले. माइक पांडे यांनी ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ (२०००) मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चाललेली व्हेल शार्कची शिकार दाखवली. चित्रपटाला पांडा पुरस्कार मिळाला, आणि २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. पण बंदरावरच्या मासेमाराला हे दिल्लीहून आलेले फर्मान होते. २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, टाटा केमिकल्स आणि गुजरातचा वन विभाग यांनी मोहीम हाती घेतली. कथाकार मोरारीबापूंनी गोष्टच वेगळी सांगितली: हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. माहेरवाशिणीला कोण मारणार? व्हेल शार्कचे भव्य फुगवलेले रूप गावोगाव फिरले, पथनाट्ये झाली. पुढे मासेमारांना पाण्यात चालणारे कॅमेरे दिले गेले. जाळे कापून मासा सोडल्याचे छायाचित्र दाखवायचे आणि जाळ्याची भरपाई घ्यायची, अशी ती पद्धत. पांडे यांच्या चित्रपटाने कायदा आणला. तो पाळला गेला तो किनाऱ्याच्या भाषेतल्या गोष्टीमुळे आणि मासेमाराच्या हातातल्या कॅमेऱ्यामुळे.

महाराष्ट्रातही २०१८ च्या अखेरीस कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी अशीच योजना आणली. कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन असा संरक्षित जीव सोडवताना जाळे कापावे लागले तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, आणि पुरावा म्हणून छायाचित्र किंवा चित्रफीत द्यावी लागते. सिंधुदुर्गात रापणीत व्हेल शार्क येतो तेव्हा काय होते? दोरीला दोन्ही बाजूंनी माणसे, कमरेएवढे पाणी, जाळ्यात होडीएवढा जीव. एक जण सुरी घेऊन आत शिरतो, दुसरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन डोक्यावर धरतो. चित्र हलते, मध्येच कुणाची तरी पाठ आडवी येते, फोनवर खारे पाणी उडते. मग राखाडी पाठीवरचे पांढरे ठिपके पाण्याखाली सरकत जातात आणि किनाऱ्यावर एकच ओरडा होतो. दीड-दोन मिनिटांत पेचही आला आणि शेवटही. जाळे कापल्याने दिवसाची कमाई गेली, हे बघ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ही चित्रफीत अर्जाला जोडली जाते आणि कचेरीतल्या फायलीत पडून राहते. कुणी तिला संकलक दिला, रापणकराचे चार शब्द नीट ध्वनिमुद्रित करून घेतले, तर कोकणच्या किनाऱ्याचा चित्रपट तयार आहे.

‘स्थानिक’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो, म्हणून नागालँडमधल्या पांगतीकडे वळायला हवे. वोखा जिल्ह्यातल्या दोयांग जलाशयाजवळ अमूर ससाण्यांचे थवे स्थलांतरात उतरतात. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून चाललेली कत्तल चौघांच्या पथकाने चित्रित केली. त्यात शशांक दळवी हा मराठी पक्षीअभ्यासक होता, वन्यजीव छायाचित्रकार रामकी श्रीनिवासन होते, नागालँडच्या पत्रकार बानो हरालू आणि तिथलेच रोकोहेबी कुओत्सू होते. एका हंगामात १,२०,००० ते १,४०,००० पक्षी मारले जातात, असा त्यांचा अंदाज होता. चित्रफीत जगभर पोचली, सरकार हलले, चर्च आणि ग्रामसभा बोलू लागल्या, आणि पुढच्याच वर्षी शिकार थांबली. २०१३ मध्ये तीन ससाण्यांना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावले, तेव्हा त्यांची नावे ठेवली नागा, पांगती आणि वोखा.

जगाने पाहिलेल्या त्या पहिल्या चित्रफितीत पांगती म्हणजे पक्ष्यांचा कत्तलखाना होता. धरणाखाली शेते बुडाली, लोक मासेमारीकडे वळले आणि त्या जाळ्यांतूनच पुढे ससाण्यांचा पैसा दिसला, एवढी सगळी कहाणी दोन-चार मिनिटांत मावणार नव्हती. कोहिमाच्या दिग्दर्शिका सेसिनो योशू यांनी नंतर ‘द पांगती स्टोरी’ केला आणि शिकार करणारे गाव राखणदार कसे झाले ते दाखवले. ६५व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पर्यावरणपटाचा पुरस्कार त्याला मिळाला. दोन्ही चित्रणांची गरज होती. पहिल्याने हात थांबवला, दुसऱ्यामुळे गावाची मान वर राहिली. आणि योशू नागालँडच्या असल्या तरी पांगतीच्या नाहीत. म्हणून जन्मदाखला पाहून कुणाला स्थानिक ठरवू नये. चित्रपट झाल्यावर त्यात दिसलेल्या माणसांना रोज तोंड दाखवायचे आहे की नाही, ही माझ्या मते खरी कसोटी. ज्याला दाखवायचे आहे तो शब्द तोलून वापरतो.

अशी माणसे घडवण्याचे प्रयोग झाले आहेत आणि ते यशस्वीही आहेत. रीटा बॅनर्जी यांनी ईशान्य भारतातल्या शिकारीवर ‘द वाइल्ड मीट ट्रेल’ हा चित्रपट केला आणि त्यानंतर आसाममध्ये तेजपूरला ‘ग्रीन हब’ उभे केले. ईशान्येकडच्या राज्यांतून दरवर्षी काही तरुण-तरुणी तिथे निवडले जातात. वर्षभर राहतात, आधी कॅमेरा आणि संकलन शिकतात, मग एखाद्या संस्थेबरोबर रानात आणि गावात काम करतात. पुढे मध्य भारतासाठीही असेच केंद्र निघाले. तेलंगणातल्या झहीराबादजवळ डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनी तर अक्षरओळख नसताना व्हिडिओ हाती घेतला आणि बियाणे, पिके, कोरडवाहू शेती यांवर चित्रपट केले. गोव्यात बस्तान असलेल्या ‘व्हिडिओ व्हॉलंटियर्स’ने देशभरच्या गावांत वार्ताहर तयार केले. केनियात पॉला कहुंबू या हत्ती-अभ्यासिकेने ‘वाइल्डलाइफ वॉरियर्स’ ही मालिका केली, केनियन लोकांनी केनियन प्रेक्षकांसाठी. दक्षिण आफ्रिकेत नोएल कोक आणि प्रज्ञा परसोतम-कोक यांच्या ‘न्यूफ’ या संस्थेने आफ्रिकी तरुणांना आधी समुद्रात बुडी मारायला शिकवले. समुद्राखाली उतरता येत नसेल, तर समुद्राची गोष्ट दुसराच कुणी सांगणार, हे त्यांनी ओळखले होते.

या सगळ्यांत समान धागा आहे तो वेळेचा. दोन दिवसांच्या कार्यशाळेने, प्रमाणपत्राने आणि गटाच्या फोटोने काही होत नाही. शेतमजुराच्या घरातला मुलगा वर्षभर कॅमेरा शिकतो तेव्हा घरातली एक मजुरी कमी होते. ती कुणी भरून दिली नाही, तर हे क्षेत्र शहरातल्या सुस्थितीतल्या मुलांचेच राहते. म्हणून पहिली मदत मासिक मानधनाची. दुसरी साधनांची, आणि साधनांपेक्षा त्यांच्या देखभालीची. कोकणातल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, हार्ड डिस्क एका वीजझटक्यात जाते, दुरुस्तीला पुण्या-मुंबईला जाण्यात मजुरी आणि एसटीचे भाडे दोन्ही जाते. तालुक्याच्या गावी सुक्या कपाटात ठेवलेले दोन कॅमेरे, एक चांगला माइक आणि चित्रणाची दुसरी प्रत ठेवायची सोय असली, तर कितीतरी कामे वाचतील.

तिसरी मदत परवानगीची. अभयारण्यात चित्रीकरण करायचे तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, शुल्क भरावे लागते. मोठ्या वाहिनीला ती किरकोळ रक्कम, अभयारण्याभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या मुलाला अशक्य. ज्या गावांनी जंगलासाठी चराई सोडली, वाट सोडली, काहींनी तर गावच सोडले, त्यांच्या मुलांना शुल्कात सूट आणि अर्जाला मदत देणे वन विभागाला अवघड नाही. जंगलाची माहिती त्यांच्याकडे आधीच आहे, खात्याचे हंगामी मजूर आणि गाइड त्यांच्यातूनच येतात.

चौथी बाब मालकीची आणि करारांची. २०२३ मध्ये ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ला ऑस्कर मिळाले तेव्हा आपण सगळे सुखावलो. उटीत वाढलेल्या कार्तिकी गोन्साल्विस यांनी मुदुमलाईच्या थेप्पाकाडू हत्ती छावणीतल्या कट्टुनायकन आदिवासी जोडप्याचा आणि त्यांच्या हत्तीच्या पिलाचा विश्वास संपादन करायला वर्षे घालवली होती. तो चित्रपट तमिळमध्ये आहे आणि निवेदकाच्या आवाजावाचून बोलतो, हेही विशेष. पुढे त्या जोडप्याच्या मोबदल्यावरून जाहीर वाद झाला, निर्मात्यांनी आरोप नाकारले. कोण बरोबर हे ठरवणे माझे काम नाही. असा प्रश्न कुठल्याच चित्रपटानंतर उभा राहू नये, एवढे पाहता येते. करार चित्रीकरणाआधी व्हावा, त्या माणसांच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवावा. चित्रपट विकला गेला तर काय, पुरस्कार मिळाला तर काय, न वापरलेल्या चित्रणाची प्रत कुणाकडे राहील, हे त्यात असावे. ट्रॅकरने केलेले चित्रण परदेशी कंपनीच्या कपाटात गेले, की त्याच्या नातवाला स्वतःचे रान पाहायला पैसे मोजावे लागतील.

स्थानिकाची आरती ओवाळण्यासाठी मात्र हे पुस्तक नाही. गावालाही आपली बाजू असते, आणि गावात जात, पुढारी, वाळूचा ठेकेदार हेही असतात. ज्याच्या रिसॉर्टवर आपण गाइड आहोत त्याच्याविरुद्ध चित्रपट करणे सोपे नाही. बाहेरचा माणूस विमानाने परत जातो, गावच्या मुलाला त्याच रस्त्याने रात्री घरी यायचे असते. म्हणून शिकारीवर किंवा वाळूच्या उपशावर चित्रण करणाऱ्याला वकील, नाव गुप्त ठेवण्याची सोय आणि पाठीशी उभी राहणारी संस्था हवी. शिस्तही हवी. पक्ष्याच्या घरट्याशी खेळू नये, बिबट्याला आमिष दाखवू नये, आणि खवले मांजराच्या बिळाची चित्रफीत टाकण्याआधी फोनने आपोआप नोंदवलेले ठिकाण काढून टाकावे, नाहीतर पुढचा पाहुणा शिकारी असेल. हे नियम शहरातल्या हौशी छायाचित्रकाराइतकेच गावच्या मुलालाही लागू आहेत.

शेवटी पडदा. पुण्यातून सुरू झालेला किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव राज्यातल्या अनेक शहरांत पर्यावरणपट दाखवतो, हे मोठे काम आहे. पण रानालगतच्या गावाचा निर्णय शहरातल्या सभागृहात होत नाही. महाराष्ट्राला तंबू टॉकीजची परंपरा आहे, जत्रेत ट्रक उभा करून सिनेमा दाखवणाऱ्यांची. २०१६ मध्ये ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाने ती कान महोत्सवापर्यंत नेली. त्या परंपरेत एक जागा आपण बिबट्याच्या, कासवाच्या, माळरानाच्या चित्रपटांना द्यावी. गणेशोत्सवाचा मांडव, जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग, ग्रामसभेची संध्याकाळ, साखर कारखान्यावरचा ऊसतोड कामगारांचा तळ, सगळीकडे पांढरी चादर आणि प्रोजेक्टर पुरतो. तिथे बसलेला प्रेक्षक चूक काढतो, नाव सांगतो, वाद घालतो. असा प्रेक्षक कुठल्याही परीक्षक मंडळाला लाभत नाही.

पुढच्या प्रकरणांत फोनवरच्या चित्रीकरणापासून संकलनापर्यंत, मुलाखत घेण्यापासून करार वाचण्यापर्यंत सगळे टप्प्याटप्प्याने आले आहे. भाषा सोपी ठेवली आहे. कॅमेऱ्याच्या दुनियेतले इंग्रजी शब्द मुलांच्या तोंडी जसे आहेत तसेच राहू दिले आहेत. मधूनच वाचले तरी चालेल, पण करारांचे आणि सुरक्षिततेचे प्रकरण कुणी गाळू नये.

शिकणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे. पहिली चार-पाच मिनिटांची चित्रफीत तयार झाली की ती आधी तिच्यात दिसणाऱ्या माणसांना दाखवा, त्यांचे ऐका, दुरुस्त करा, मग महोत्सवाला पाठवा. आणि ज्यांच्याकडे पैसा किंवा अधिकार आहे त्यांनी कॅमेरे वाटण्याचा कार्यक्रम ठेवण्याआधी रानाजवळच्या एका मुलीच्या एका वर्षाच्या मानधनाची तरतूद करावी. मांडव आणि हारतुरे नंतर पाहता येतील.